रात्रभर, लोखंडी कढईत

नगरपालिकेच्या पेजवर लोक सगळ्यात जास्त कशावरून भांडतात, असं कोणी विचारलं की मी ‘बदकांवरून’ असं सांगते. घरपट्टी, खड्डे, फुटलेले पाइप हे सगळं त्यानंतर. आमच्या गावच्या तळ्यातली बदकं रस्ता ओलांडून दुकानांकडे यायची, आणि त्यांच्यासाठी गाड्या थांबवाव्यात की नाही यावरून गावात सरळ दोन तट पडले होते. एक गृहस्थ रोज सकाळी बदकांच्या बाजूने लिहायचे आणि एक बाई तितक्याच नेमाने विरोधात लिहायच्या. दोघं एकाच गल्लीत राहतात आणि समोरासमोर भेटले की एकमेकांच्या टोमॅटोंची चौकशी करतात, हे मला फार उशिरा कळलं.

वेलिंग्टनहून ट्रेनने तासाभराच्या अंतरावर हे गाव आहे. नाव मुद्दामच लिहीत नाही. मी पुण्याहून इथे शिकायला आले, शिकले एक आणि नोकरी लागली भलतीच, नगरपालिकेच्या माहिती विभागात. नगरपालिकेला इथे काउन्सिल म्हणतात. गेल्या वर्षी आमचा विभागच ‘रिस्ट्रक्चर’मध्ये गेला. माणसं कमी करण्याला इथे रिस्ट्रक्चर म्हणतात आणि निरोपाला केक आणतात. केक चांगला होता. आता मी काउन्सिलची कोणी नाही, तेव्हा बोलायला हरकत नाही.

माझं काम काय होतं हे पुण्यातल्या नातेवाइकांना शेवटपर्यंत समजलं नाही. “म्हणजे तू दिवसभर फोनवर असतेस?” असं मावशी विचारायची, आणि खरं म्हणजे ते बरोबरच होतं. उद्या कुठल्या रस्त्याचं पाणी बंद, वादळ कधी येणार, कचऱ्याची गाडी सुट्टीच्या आठवड्यात कोणत्या दिवशी फिरणार, हे लोकांना सांगायचं आणि मग त्यांनी त्यावर जे काही लिहिलं असेल त्याला उत्तरं द्यायची. उत्तर काउन्सिलच्या नावाने द्यायचं असल्यामुळे ‘मी’ हा शब्द वापरायचा नाही. कोणी कितीही शिव्या दिल्या तरी आपण ‘किया ओरा’ म्हणून सुरुवात करायची. या माओरी नमस्काराने मला संताप किती वेळा गिळायला लावला आहे त्याला हिशेब नाही. आणखी एक गोष्ट या धंद्यात शिकले. वाईट शेरा कधी उडवायचा नाही, नुसता झाकून ठेवायचा. उडवलेला माणूस मेव्हण्याला घेऊन परत येतो.

कधीकधी आम्ही छोटे व्हिडिओही करायचो. तिथे मोठी अडचण अशी की इथला माणूस कॅमेरा दिसला की तळ्याच्या पलीकडच्या बाजूने निघून जातो. म्हणून काउन्सिलच्या व्हिडिओत दिसणारे आनंदी नागरिक हे बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांचे नातेवाईक असतात. सायकलच्या नव्या रस्त्यावरून हसत जाणारा माणूस आमच्या हिशेबनीस बाईंचा नवरा होता. ओल्या कचऱ्याच्या नव्या डब्यांचा व्हिडिओ करायचा ठरला तेव्हा पाळी माझ्यावर आली, आणि मी आईला पुढे केलं.

आई तेव्हा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेली होती. दरवर्षी येते. येताना तिच्या बॅगेत मेंदीची पाकिटं असतात, आणि विमानतळावर वनस्पतिजन्य वस्तू तपासणारे अधिकारी दरवर्षी ती बाहेर काढतात. आई त्यांना आधी पाकीट दाखवते, मग स्वतःचा भांग दाखवते आणि मग ते तिला सोडतात. पन्नाशीपासून ती केसांना मेंदी लावते. लोखंडी कढईत चहाचं पाणी घालून रात्रभर भिजवलेली, दर दोन-तीन आठवड्यांनी, रविवारी. तिचे केस त्यामुळे लालसर शेंदरी दिसतात. कढईसुद्धा तिने इथे आणून ठेवलेली आहे आणि तिच्यात दुसरं काही केलेलं तिला चालत नाही.

डबे कसे वापरायचे हे सांगायला आम्ही कॅलमला घेतलं होतं. कॅलम ‘टिप’वर काम करायचा. टिप म्हणजे गावाबाहेरचा कचरा डेपो, जिथे लोक आपापल्या गाड्यांतून झाडांच्या फांद्या, मोडकी कपाटं वगैरे आणून टाकतात. उंच, तिशीतला, शांत माणूस. त्याचे केस, दाढी, भुवया, हातांवरची लव, सगळं भडक तांबडं होतं आणि चेहऱ्यावर तशाच रंगाचे ठिपके होते. गावात त्याला सगळे ओळखायचे आणि टिपवर आलेल्या कोणाचंही म्हणणं तो पूर्ण ऐकून घ्यायचा, मग ते गादीबद्दल असो की घटस्फोटाबद्दल.

त्या दिवशी त्याने केळ्याची साल कुठे आणि प्लास्टिक कुठे हे व्यवस्थित सांगितलं. आईने घरून आणलेली भाज्यांची देठं आणि उकळलेली चहा पावडर डब्यात ओतली. तिचं काम संपलं होतं. पण ती तिथेच उभी राहून कॅलमच्या डोक्याकडे बघत होती.

“हेना?” तिने विचारलं. पाकिटावर इंग्रजीत तेच छापलेलं असतं.

“सॉरी?” कॅलम म्हणाला.

आईने स्वतःच्या भांगावर बोट ठेवलं. “व्हेरी गुड कलर. मोर डार्क यू वाँट, आयर्न पॅन. टी वॉटर. ओव्हरनाइट.”

कॅलमने तिच्या केसांकडे नीट पाहिलं. तो हसला नाही. दाढीवरून हात फिरवत म्हणाला, “ओव्हरनाइट, ए?” हा ‘ए’ म्हणजे आपलं ‘होय ना?’.

“ओव्हरनाइट,” आई म्हणाली.

“स्वीट ऍज,” कॅलम म्हणाला. म्हणजे ठीक, उत्तम, करून बघतो.

आता पुण्यात शिक्षिका म्हणून नोकरी केलेल्या बाईला लाल केस जन्मजात असतात हे माहीत नसावं, याचं कोणालाही नवल वाटेल. मलाही वाटलं. पण आईच्या बाजूने बघितलं तर ते इतकं विचित्र नाही. तिच्या ओळखीत मेंदीने रंगवलेल्या दाढीचे कितीतरी काका होते. इथे आल्यावर सुपरमार्केटमध्ये, बसमध्ये तिने लाल केसांची माणसं पाहिली होती आणि सगळ्यांनी मेंदी लावली आहे असं तिने धरून टाकलं होतं. “इथे मेंदीचं प्रमाण चांगलं आहे,” असं तिने मावशीला फोनवर सांगितल्याचं मला नंतर कळलं. कॅलमबद्दल तिला वाईट वाटलं होतं. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही आणि सगळं पिकलंय, अगदी भुवयासुद्धा, म्हणून चार गोष्टी सांगाव्यात असं तिला वाटलं.

कॅमेऱ्यामागे जॅकी होती, माझी सहकारी. तिने कॅमेरा बंद केला नव्हता. हसू दाबताना तिचा हात हलला तो व्हिडिओतही हललेला दिसतो. ऑफिसात आल्यावर आमचा साहेब ब्रायन याने तो तुकडा पाहिला आणि हा शेवटी टाकायचाच म्हणाला. आम्ही कॅलमला विचारलं, तो म्हणाला टाका. आईला विचारलं तर तिला वाटलं आपण देठं ओतली तो भाग चांगला आला असणार. ती म्हणाली, टाका.

पहिले एक-दोन दिवस गावातल्या लोकांनीच पाहिला. अरे हा तर आपला कॅलम, अशी साधी गंमत. मग ख्राइस्टचर्चहून कोणीतरी एक फोटो टाकला. भूकंपानंतर त्या शहरात रस्त्यांची इतकी कामं चालली की केशरी प्लास्टिकचे शंकू ही तिथली ओळखच होऊन बसली आहे. फोटोत उन्हाने फिका पडलेला एक शंकू, त्याच्याशेजारी नवाकोरा भडक शंकू, आणि खाली लिहिलं होतं: आयर्न पॅन, टी वॉटर, ओव्हरनाइट. तो फोटो पाहिला तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आता हे आपल्या हातात राहिलेलं नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं की एखादा विनोद फार चांगला असला की तो पसरतो. तसं नसतं. पसरते ती त्यातली रिकामी जागा. विनोद असा लागतो की ज्यात दुसऱ्याला आपलं काहीतरी घालता येईल, आणि घालताना आपण हुशार आहोत असं वाटेल. आईचं वाक्य त्याला फार सोयीचं निघालं. तीन तुकडे, सोपे शब्द आणि कशालाही लागू. शंकूनंतर केशरी मांजरं आली, मग गंजलेल्या जुन्या गाड्या, मग समुद्रावरचा सूर्यास्त. त्यानंतर ते देशाबाहेर गेलं आणि ज्यांनी आमचं गाव नकाशावरही पाहिलं नाही त्या लोकांनी कोल्हे आणि भोपळे टाकले. प्रत्येकाखाली उत्तर ठरलेलं असायचं: ‘ओव्हरनाइट, ए?’ आणि सोबत कॅलमचा दाढीवर हात फिरवतानाचा चेहरा.

ब्रायन खूश होता. दुसऱ्या काउन्सिलमधून आम्हाला फोन यायचे की तुम्ही हे कसं जमवलंत. मी सांगायचे, आईला घेऊन या. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं बदकांवर काढल्यानंतर माझ्या हातून जगाने पाहिलेली ही एकच गोष्ट होती.

लाल केसवाल्यांना आत्मा नसतो, असा एक जुनाट विनोद इंटरनेटवर फिरत असतो. कोणी केव्हा सुरू केला ते सोडा, पण इंग्रजी बोलणाऱ्या जगात तो शाळकरी मुलांनाही माहीत असतो. कोणीतरी या दोन गोष्टी एकत्र केल्या. लाल केसांच्या एका मुलाचा फोटो आणि खाली: आत्मा नाही? आयर्न पॅन, टी वॉटर, ओव्हरनाइट. तिथून विनोदाची दिशाच फिरली. आतापर्यंत लोक एका आजीच्या गैरसमजावर हसत होते आणि त्यात थोडी मायाही होती. आता ते लाल केसांच्या माणसांवर हसायला लागले. आधीपेक्षा कितीतरी पटींनी लोकांनी ते उचललं, कारण त्यांना ही चिडवण्याची सवय होतीच. फक्त नवं वाक्य मिळालं.

इथे लाल केसांवरून चिडवणं किती मुरलेलं आहे हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं. ऑफिसात लोक सहज बोलायचे आणि ज्याला बोलायचे तोही हसायचा. आपल्याकडे काळ्या-गोऱ्यावरून बोलतात तसंच ते आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं आणि ऐकणारा जन्मभर विसरत नाही. मी सावळी आहे. मला हे आधीच ओळखता यायला हवं होतं.

एका दुपारी एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलाच्या डोक्यावर शाळेत कोणीतरी गार चहा ओतला होता. मी काउन्सिलच्या भाषेत दिलगिरी व्यक्त करायला लागले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. त्या भांडायला आलेल्या नव्हत्या. पांढऱ्या शर्टावरचा चहाचा डाग कसा काढायचा, एवढंच त्यांना विचारायचं होतं. चहाची जाणकार बाई तुमच्या ऑफिसात आहे ना, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना गरम पाणी आणि व्हिनेगर सांगितलं. फोन ठेवल्यावर मला काम सुचेना.

आईला हे सगळं कळलं ते पुण्याहून. मावशीने घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, “अगं, ही बाई थेट तुझ्यासारखी दिसते.” मावशीलाही तो कोणीतरी पाठवला होता. मी घरी आले तेव्हा आई फोन हातात धरून बसली होती.

“मंजू, त्याचे केस जन्मापासून तसेच आहेत?”

“हो.”

“दाढी?”

“दाढीपण.”

“भुवयासुद्धा?”

“भुवयासुद्धा, आई.”

तिने फोन पालथा करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “आणि तो काही बोलला नाही गं. किती शहाणा मुलगा.” मला आत्म्याचा विनोद तिला समजावून सांगावा लागला, कारण तोही त्या ग्रुपवर येऊन पोचला होता. ती म्हणाली, “केसांचा आणि आत्म्याचा काय संबंध?” आणि तिचं म्हणणं बरोबरच होतं.

त्या रविवारी कढई बाहेर आली नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, “पुरे झालं आता, या वयात काय.” भांगातून पांढरे केस वर यायला लागले.

त्यानंतर थोड्या दिवसांनी कॅलम ऑफिसात आला. टिपवरचं चमकतं जॅकेट अंगात तसंच होतं आणि स्वागतकक्षात तो उभ्यानेच बोलला.

“माझी मुलगी, फ्रेया, सुट्टीनंतर पाच वर्षांची होतेय,” तो म्हणाला.

हे नीट समजायला इथली पद्धत सांगायला हवी. आपल्याकडे जूनमध्ये सगळी मुलं एकदम रडत शाळेत जातात. इथे मूल ज्या दिवशी पाच वर्षांचं होतं त्याच सुमाराला त्याची शाळा सुरू होते. वर्ग आधीपासून चाललेला असतो, बाकीच्यांच्या ओळखी झालेल्या असतात आणि त्यात हे एकटं दप्तर घेऊन शिरतं. फ्रेयाला मी गावच्या जत्रेत एकदा पाहिलं होतं. ती केसांच्या बाबतीत बापापेक्षाही भडक होती.

“मला काय म्हणतात त्याचं काही नाही,” कॅलम म्हणाला. “शाळेत होतो तेव्हा मला काडेपेटी म्हणायचे. तिलाही काहीतरी म्हणतीलच, ते मी धरून आहे. पण आता तिला चिडवतील ते माझं तोंड दाखवून. ‘ओव्हरनाइट, ए?’ हे मी म्हटलंय, मंजू. ती घरी येऊन मला सांगेल तेव्हा मी काय बोलू? तिची शाळा सुरू होण्याच्या आत ते काढता येईल का?”

मी त्याला खरं ते सांगितलं. आमच्या पेजवरचा व्हिडिओ काढता येईल. बाकीचा काढता येणार नाही. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करावा तसं ते होईल. कॅलमने मान डोलावली. टिपवर लोक परत येतात, तो म्हणाला, मागच्या आठवड्यात चुकून टाकलेला फोटोंचा डबा शोधायला, आणि त्यांना सांगावं लागतं की खड्ड्यात गेलं ते गेलं. “तुमच्याकडे उलटं आहे तर,” तो म्हणाला. “तुमच्याकडे काही जातच नाही.”

ब्रायन आधी तयार होईना. मी बोलले, मग जॅकी माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलली आणि व्हिडिओ निघाला. त्याचा परिणाम असा झाला की ‘काउन्सिलने घाबरून व्हिडिओ काढला’ म्हणून लोकांनी जपून ठेवलेल्या प्रती पुन्हा टाकल्या आणि त्या आठवड्यात तो सगळ्यात जास्त फिरला. हे असं होईल हे मला माहीत होतं. तरी दुसरा काही मार्ग नव्हता.

मग मी एकेका पेजवाल्याला विनंती करायला लागले. काउन्सिलच्या नावाने नाही, माझ्या स्वतःच्या. त्या नोकरीत ‘मी’ म्हणून लिहिण्याची ती माझी पहिलीच वेळ. पुष्कळ जणांनी काढलं, काहींनी उत्तरच दिलं नाही. आत्म्याचा विनोद ज्या पेजवरून सर्वात जास्त पसरला होता, ते चालवणारा वेलिंग्टनमध्ये एका सरकारी खात्यात कॉम्प्युटरवर काम करत होता. तो भेटायला तयार झाला. स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात मी वाट बघत बसले होते आणि समोरून लाल केसांचा माणूस येऊन माझ्या टेबलाशी बसला.

“इतकी वर्षं हा विनोद माझ्यावर झालाय,” तो म्हणाला. “आता मी करतो. दुसऱ्या कोणापेक्षाही तो माझा आहे.”

मी त्याला फ्रेयाबद्दल सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याने विनोद काढला नाही. पण त्याने कॅलमचा चेहरा काढला आणि त्या जागी स्वतःचा फोटो घातला, दाढीवर हात फिरवणारा. ट्रेनमध्ये परत येताना मी तो पाहिला. या सगळ्या प्रकरणात मला सभ्य वाटलेली जी थोडी माणसं आहेत त्यांत मी त्याला धरते.

फ्रेयाची शाळा सुरू झाली. कॅलमने मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इंटरनेटवरच्या विनोदाचं आयुष्य कोथिंबिरीच्या जुडीइतकंच असतं. हळूहळू शंकू गेले, मांजरं गेली, लोक दुसऱ्या कशावर तरी हसायला लागले. माझ्या पेजवर पुन्हा बदकं आली. पण शाळेच्या मैदानावर अशा गोष्टी इंटरनेटपेक्षा जास्त टिकतात, हे मला माहीत होतं. टिपवर जायचं मी टाळत होते. बागेतला पाला तिथेच पुरत होते.

शेवटी एका शनिवारी जास्वंदीच्या फांद्या इतक्या साचल्या की जावंच लागलं. आई सोबत आली. परत जाण्याआधी त्या मुलाला भेटून येते, असं ती बरेच दिवस म्हणत होती. तिचे केस तोवर पूर्ण पांढरे झाले होते. शेंदरी उरलेला सगळा भाग तिने माझ्याकडून कापून घेतला होता, केस अगदी आखूड झाले होते. मला त्या केसांची सवय झाली नव्हती. ती एकदम म्हातारी दिसायला लागली होती आणि ते बघताना मला त्रास व्हायचा.

कॅलमची पाळी संपत आली होती. त्याच्या गाडीच्या पायरीवर फ्रेया बसलेली होती. शाळेची उन्हाची टोपी तिने कानांपर्यंत ओढून घेतली होती आणि एक केसही बाहेर दिसत नव्हता. केस लपवायलाच ती घातली असणार, असं मी धरून टाकलं.

आई कॅलमपुढे उभी राहिली. “सॉरी,” ती म्हणाली. “आय डिडन्ट नो. गॉड मेड.”

“नो वरीज,” कॅलम म्हणाला. “सल्ला चांगला होता.” आणि मागे वळून, “फ्रेया, इकडे ये. या त्या व्हिडिओतल्या बाई.”

फ्रेया आली. तिने आईकडे खालून वरपर्यंत पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “या त्या नाहीत. त्यांचे केस आपल्यासारखे आहेत.” आणि आपल्यासारखे म्हणजे कसे हे आम्हाला कळावं म्हणून तिने टोपी काढून दाखवली. केस घामाने चिकटले होते, बाकी काही झालेलं नव्हतं. टोपी उन्हासाठीच होती.

मला राहवलं नाही. “शाळेत कोणी काही म्हणतं का गं?”

“मोठी मुलं म्हणतात. ओव्हरनाइट, ओव्हरनाइट.” तिने खांदे उडवले. “मी म्हणते, हो. डॅड, मी आणि नाना. आम्ही तिघं.”

“कुठली नाना?” कॅलमने विचारलं. इथे आजीला नाना म्हणतात. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे तोही पहिल्यांदाच ऐकत होता.

“टी वॉटर नाना,” फ्रेया म्हणाली. “व्हिडिओतली.”

तो व्हिडिओ माझ्याइतक्या वेळा कोणीच पाहिला नसेल. कापताना पाहिला, टाकताना पाहिला, काढताना पाहिला. मला त्यात एका बाईची चूक दिसत होती, आणि जगालाही तेवढंच दिसलं. त्या मुलीला दिसलं ते असं, की लाल केसांची दोन माणसं भेटली आणि केसांबद्दल बोलली. तिच्या लेखी त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. तिच्या बापाला कोणी हसलेलं नव्हतं, एक आजी मात्र आपल्यातली निघाली होती. ज्या वाक्यापासून आम्ही सगळे तिला वाचवायला धडपडत होतो, ते वाक्य घेऊनच ती शाळेत उभी राहिली होती. कॅलमने दुसरीकडे तोंड फिरवलं आणि उगाच हातमोजे काढले.

फ्रेया अजून आईच्या केसांकडे बघत होती. “तुझे कुठे गेले?”

आईला तिचं इंग्रजी समजलं. “गॉन,” ती म्हणाली.

“परत येणार?”

आईने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “येस. आय विल पुट.”

फ्रेयाने थोडा विचार केला. मग तिने अगदी गंभीरपणे विचारलं, “ओव्हरनाइट?”

“ओव्हरनाइट,” आई म्हणाली.

फांद्या टाकून आम्ही निघालो. आई खिडकीतून बाहेर बघत होती. गावात शिरताना कोपऱ्यावरचं दुकान आलं, ज्याला इथे डेअरी म्हणतात आणि जिथे दुधापासून सेलपर्यंत सगळं मिळतं.

“थांब जरा,” ती म्हणाली. “घरची चहा पावडर पुरायची नाही.”